विकत घेतलेला धाक

प्रश्न : (पत्र बरंच मोठं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते.)

मी ४४ वर्षांची. राहायला कोथरूडला, नोकरी बाणेरला. घरी नवरा, दहावीतली मुलगी आणि सासूबाई. सहा वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू आहे. गेल्या जूनमध्ये घराजवळच्या जिममध्ये मी 'ट्रान्सफॉर्मेशन पॅकेज' घेतलं. सहा महिने, आठवड्याला तीन याप्रमाणे ७२ सेशन, पर्सनल ट्रेनर आणि डाएटिशियन दोन्ही. ७२ हजार रुपये, क्रेडिट कार्डावर हप्त्यांनी. पहिल्याच दिवशी मशीनवर उभं करून 'मॅडम, तुमचं मेटाबॉलिक वय ५८ आहे' असं सांगितलं. मी घाबरले आणि तिथल्या तिथे सही केली.

पाच महिन्यांत तीन ट्रेनर झाले. पहिला चांगला होता, तो महिन्याभरात सोडून गेला. दुसरा मला बर्पी आणि उड्या मारायला लावून स्वतः मोबाइलमध्ये असायचा. तिसऱ्याला माझं नावही पाठ नव्हतं. डाएटिशियन मॅडम एकदाच व्हिडिओ कॉलवर भेटल्या, पंधरा मिनिटं. नंतर आलेल्या पीडीएफच्या फाइलला कुणा भलत्याच पुरुषाचं नाव होतं. माझ्या ऑफिसातल्या २६ वर्षांच्या मुलीनेही तिथेच नाव घातलंय, तिला आलेला चार्ट शब्दशः तोच निघाला. सकाळी अ‍ॅपल सायडर व्हिनेगर आणि मल्टिव्हिटॅमिन, मग ओट्स, बदामाचं दूध, दुपारी किनवा, रात्री सातच्या आत सूप. भात बंद, भाकरी बंद. प्रत्येक जेवणाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. (काही वेळा मी घरच्यांबरोबर वरणभात खाऊन ग्रुपवर सॅलडचा फोटो टाकायचे.) साडेसहा हजारांचा प्रोटीन पावडरचा डबाही गळ्यात मारला.

वजन दोन महिन्यांत ७१ वरून ६६.५ झालं. गौरी-गणपतीत पुरणपोळी खाल्ली तर ग्रुपवर सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. दिवाळीपर्यंत पुन्हा ७०. जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. नोव्हेंबरपासून जाणं बंद केलं. ४१ सेशन झाली, ३१ उरली. पैसे परत मागितले तर पावतीवरचा 'नॉन-रिफंडेबल' शिक्का दाखवला. नवरा म्हणतो, 'मी आधीच सांगत होतो, टेकडीवर जा, फुकट आहे.' मी पैशांसाठी भांडू का? दुसरा चांगला ट्रेनर शोधू? की माझ्यात चिकाटीच नाही हे मान्य करून गप्प बसू?

उत्तर :

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. वरणभात खाऊन सॅलडचा फोटो. मला आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. पैसे तुमचे, पोट तुमचं, फोटो बघणाऱ्या मॅडमची फी तुम्ही भरलेली. तरीही गृहपाठ झाला नाही म्हणून 'वही घरी राहिली' सांगणाऱ्या पोरीसारखं तुम्हाला चव्वेचाळिसाव्या वर्षी काकडी चिरून, ताटलीत मांडून, फोटो काढावा लागला. (ते सॅलड मग खायचं कोण, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सासूबाई असाव्यात असा माझा कयास आहे.)

तर मग ७२ हजारांना तुम्ही नेमकं घेतलं काय होतं? मला वाटतं, तुम्ही धाक विकत घेतला. एवढे पैसे भरले म्हणजे जावंच लागेल, कुणीतरी विचारणारं असलं म्हणजे खाण्यावर ताबा येईल, हा हिशोब त्यामागे होता. यात हसण्यासारखं काही नाही, निम्मं पुणं जानेवारीत हाच हिशोब करतं. मीही केला होता. एका जिमची वर्षाची फी एकरकमी भरून मी मोजून अकरा दिवस गेले. बाराव्या दिवसापासून भाजी आणायला लांबच्या वळणाने जायचे, कारण जवळच्या रस्त्यावर जिमची काच होती आणि काचेमागे रिसेप्शनवरची ती गोड मुलगी.

धाकाची अडचण ही की तो चुकवण्याचे मार्ग आपल्याला बालवाडीपासून येतात. आणि ज्याच्यापासून आपण लपवतो त्याला आपल्याला मदत करता येत नाही. तुम्ही वरणभात खाताय हे मॅडमना कळलंच नाही. मग भाताचं काय करायचं, किती घ्यायचा, वरण घट्ट करायचं का, हे बोलणं होणार कसं? कळलं असतं तरी त्या हे बोलल्या असत्या का, याची मला शंका आहे. पुरणपोळीवरून चारचौघांत झापणाऱ्या माणसाला कोण खरं सांगतं? तेव्हा दोष निम्मा-निम्मा वाटून देणं मला पटत नाही. सल्ला देणारा माणूस पैसे घेऊन बसलाय, समोरच्याला खरं बोलता येईल अशी जागा करणं हे त्याचंच काम. पण एवढं तुमच्या बाजूने बोलून झाल्यावर एक मात्र विचारते. 'मॅडम, हा चार्ट माझ्या घरात चालत नाही' हे एक वाक्य पाच महिन्यांत एकदाही का लिहिलं गेलं नाही? ऑफिसात तुम्ही अशी वाक्यं लिहीत असणार.

आता चिकाटीचं. सहा वर्षं रोज सकाळी न चुकता उपाशीपोटी गोळी घेणारी बाई मला सांगतेय की माझ्यात चिकाटी नाही. बाणेरचा ट्रॅफिक, दहावीचं वर्ष आणि दुखरा गुडघा घेऊन, तीन-तीन ट्रेनर बदलूनही तुम्ही ४१ वेळा त्या जिममध्ये गेलात. माझ्या अकराशेजारी तुमचे ४१ ठेवून बघा. हा प्रश्न मी इथेच निकालात काढते.

वजनाच्या आकड्यांकडे मात्र जरा थांबून बघू या. ७१, ६६.५, ७०. तुम्ही याचा अर्थ 'कमावलं आणि घालवलं' असा लावलाय. शरीराचा जमाखर्च तसा चालत नाही. भात, भाकरी, पोळी एकदम बंद केली की यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, आधी संपते. तिचा साठा सगळा मिळून अर्धा किलोच्या आसपास असतो, पण तिच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. साठा उतरला की पाणीही जातं, आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो. ग्रुपवर टाळ्या पडतात. गौरीच्या जेवणाला भात-पुरण पोटात गेलं की साठा पुन्हा भरतो, पाणी परत येतं आणि काटा वर चढतो. त्या दोन पुरणपोळ्यांनी तुमची मेहनत खाल्ली नाही. एक किलो चरबी अंगावर चढायला गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त जाव्या लागतात. गौरी यायला, जेवायला आणि जायला मिळून तीन दिवस, तेवढ्यात हे कुणाला जमत नाही, माझ्या मामेबहिणीलासुद्धा नाही. म्हणजे आलेल्या साडेतीन किलोंत निदान काही पाणी होतं, आणि गेलेल्या साडेचारांतही होतं. उपाशी राहून उतरवलेल्या वजनात थोडे स्नायूही जातात, ते मात्र परत मिळवायला व्यायामच लागतो.

त्या मशीनचंही तेच. ते अंगातून अगदी हलका विद्युतप्रवाह सोडतं आणि त्याला होणाऱ्या अडथळ्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. तुम्ही पाणी किती प्यायलात, जेवून आलात की घाम गाळून, यावर आकडा हलतो. महिन्यामागून महिना एकाच वेळी, एकाच स्थितीत मोजलं तर थोडा उपयोग आहे. पण पहिल्याच भेटीत, सहीच्या कागदाशेजारी उभं करून काढलेलं 'मेटाबॉलिक वय ५८' हे पाहुण्याच्या पत्रिकेत मंगळ काढण्यासारखं आहे. शांतीचा खर्च तयारच असतो.

काटा एकटा काय सांगू शकत नाही याचं सगळ्यात छान उदाहरण आपल्याच गावचं आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. युडकिन या दोघांनी २००४ साली स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. आपली भारतीय शरीरं बाहेरून बारीक दिसतात आणि आत, विशेषतः पोटाभोवती, चरबी राखून असतात. म्हणून आपल्याकडे बायकांनी कंबर ८० सेंटिमीटरच्या आत ठेवायला सांगतात. तुमच्या कंबरेचं माप पाच महिन्यांत कुणी घेतलं होतं का? पत्रात तरी दिसलं नाही. शिंप्याकडची टेप दहा-वीस रुपयांना मिळते.

आणि खरी चीड मला इथे येते, की तुम्हाला कुणी काही विचारलंच नाही. उदाहरण सांगते. तुम्ही थायरॉइडची गोळी घेता आणि चार्टमध्ये सकाळी उठल्याबरोबर मल्टिव्हिटॅमिन लिहिलंय. बऱ्याच मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह आणि कॅल्शियम असतं. ही दोन्ही थायरॉइडच्या गोळीचं शोषण अडवतात, म्हणून त्यांच्यात साधारण चार तासांचं अंतर ठेवायला डॉक्टर सांगतात. चहालासुद्धा अर्धा-पाऊण तास थांबायचं असतं. तुम्ही दोन्ही गोळ्या एकत्र घेत होता का? घेत असाल तर पाच महिने ती गोळी पूर्ण लागू पडली नसण्याची शक्यता आहे, आणि तसं झालं असेल तर थकवा आणि न हलणारं वजन दोन्ही त्यात आले. मी डॉक्टर नाही, पण एवढं सांगते की या आठवड्यात टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करा आणि रिपोर्टबरोबर तो चार्टही आपल्या डॉक्टरांना दाखवा. नाव घालतानाच्या फॉर्मवर 'कोणते औषध चालू आहे का' असा रकाना असणारच. तुम्ही तो भरलाही असेल. तो वाचायला कुणाला वेळ नव्हता.

पूर्वी पेठांमधल्या तालमीत वस्तादाला पोराच्या घरी दूधदुभतं आहे की नाही इथपासून सगळं ठाऊक असायचं. त्यावरून तो जोर किती, बैठका किती, हे ठरवायचा. (तालमीत बायकांना प्रवेश नव्हता, तेव्हा या आठवणींनी मी फार गहिवरत नाही.) सांगायचा मुद्दा एवढाच की माणूस बघून व्यायाम देणं ही काही परदेशातून आलेली चैन नाही. आजच्या ट्रेनर पोरांचीही एक बाजू आहे. बऱ्याच जिममध्ये त्यांना पगार बेताचा आणि बाकी सगळं सेशनच्या आणि डब्यांच्या विक्रीवर मिळतं. तुमचा पहिला ट्रेनर चांगला होता आणि सोडून गेला, यात मला तरी नवल वाटत नाही. पावडर गळ्यात मारणाऱ्यावर मी फार रागावणार नाही, पण तिच्याबद्दल एवढं सांगून ठेवते: हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत स्नायू कमावण्यासाठी प्रोटीनची पूरकं टाळा असं स्पष्ट म्हटलंय. त्याच संस्थेच्या हिशोबाने रोज किलोमागे पाऊण ग्रॅमहून थोडं जास्त प्रथिन पुरतं. तुमच्या वजनाला ते ५५-६० ग्रॅमच्या घरात येतं. मोड आलेल्या मटकीची दाटसर उसळ, घट्ट वरण, ताक, मूठभर शेंगदाणे, चालत असतील तर दोन अंडी, एवढ्यात बरीच मजल गाठता येते.

किनव्यावर माझा राग नाही. राग यावर आहे की घरातल्या तिघांचा स्वयंपाक करून तुम्ही स्वतःसाठी वेगळा शिजवायचा, तोही संध्याकाळी साडेसातला दारात पाऊल टाकल्यावर, आणि तरीही सूप सातच्या आत प्यायचं. हा चार्ट ज्याने लिहिला त्याने तुमच्या घरातलं घड्याळ पाहिलेलंच नाही. जो आहार घरच्या पातेल्यातून निघत नाही तो नोकरी करणाऱ्या बाईच्या घरात दोन महिन्यांच्या वर टिकत नाही. तुमचा बरोबर दोन महिने टिकला. पातेलं तेच ठेवून वाढण्याचं प्रमाण बदला. आधी उसळ आणि कोशिंबीर ताटात घ्या, मग भाकरी, शेवटी भाताची छोटी मूद. मुलगीही तेच जेवेल. आणि हो, सॅलडच्या फोटोंचा प्रकार तिला माहीत होता का? पंधरा वर्षांच्या मुली जेवणाबद्दल घरात काय लपवलं जातं ते बरोबर टिपतात. एकदा तिच्याबरोबर बसून त्या फोटोंवर हसून घ्या, म्हणजे ती गोष्ट लपवायची उरणार नाही.

आता तुमचे यजमान आणि त्यांची फुकट टेकडी.

टेकडी फुकट आहे हे खरं. वेताळ टेकडी तुमच्या जवळ आहे आणि मलाही ती प्रिय आहे. पण त्यांना विचारा, तुम्ही सकाळी सहा ते सात टेकडीवर असाल तेव्हा मुलीचा डबा कोण भरेल? सासूबाईंचा चहा? पाणी येण्याची वेळ? जिमला जाताना हे प्रश्न घरात निघाले नव्हते, आणि त्याचं कारण तुमच्या पत्रातच एका ठिकाणी आहे. तुम्ही लिहिता, 'एवढे पैसे भरलेत म्हणून कुणी काही बोलायचं नाही.' बघा, ७२ हजारांतला धाक फक्त तुमच्यावर नव्हता. तो घरावरही होता. फी भरलेला तास घराला मान्य होतो. बाईचा फुकटचा तास मात्र सगळ्यांच्या हक्काचा असतो, दूधवाल्यापासून दिराच्या फोनपर्यंत. तेव्हा जिमने ट्रेनर धड दिला नसेल, पण आठवड्याचे तीन तास तुम्हाला तुमचे म्हणून मिळाले होते. मला वाटतं तुम्हाला रुखरुख लागलीय ती वजनापेक्षा त्या तासांची.

म्हणून दुसरा ट्रेनर शोधण्याआधी हे तीन तास घरात बोलून ठरवा. 'मला व्यायाम करायचाय' असं मोघम नको. 'सोमवार, बुधवार, शुक्रवार सहा ते सात मी घरात नाही, डबा तू भरायचास' असं वार-वेळ घालून. यजमानांना टेकडीची एवढी ओढ आहे तर शनिवारी-रविवारी दोघं मिळून जाऊ शकता. पण आत्ता नको, आणि हे त्यांनाही वाचून दाखवा: टेकडी चढून झाल्यावर उतरावी लागते, आणि तुमचा गुडघा उतरतानाच दुखतोय. आधी हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. बहुतेक वेळा मांडीचे आणि कमरेचे स्नायू बळकट करण्याचे साधे व्यायाम देतात. बर्पी आणि उड्या मारणं त्यांनी हो म्हणेपर्यंत बंद. सपाट रस्त्यावर चालायला गुडघा कुरकुर करत नसेल तर सोसायटीतच फेऱ्या मारा. वजनं उचलणं मात्र कायमचं सोडू नका. पाळी जाण्याच्या आसपासच्या वर्षांत स्नायू आणि हाडं झपाट्याने झिजतात, आणि नुसत्या चालण्याने ती राखली जात नाहीत. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवाच, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

पैशांचं काय? भांडू नका. मागा, आणि लेखी मागा. कोणत्या मुद्द्यावर मागायचे हे महत्त्वाचं. 'वजन उतरलं नाही' हा मुद्दा लंगडा आहे. जिम लगेच म्हणेल, मॅडमनी डाएट पाळलं नाही, आणि तुमच्या त्या कंसातल्या वाक्याने तुम्हालाच ओशाळवाणं होईल. ठाम मुद्दे दुसरे आहेत. वैयक्तिक आहार कबूल करून दुसऱ्याच्या नावाचा, सगळ्यांना सारखा चार्ट दिला. तीन ट्रेनर बदलले. औषध विचारात घेतलं नाही. गुडघा दुखू लागल्यावर व्यायाम बदलला नाही (हे तुम्ही सांगितलं होतं ना? व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं असेल तर तो मेसेज शोधा). तारखा, पावती, दोन्ही चार्टचे स्क्रीनशॉट, डॉक्टरांची चिठ्ठी, एवढं जोडून जिमच्या मालकाला ईमेल करा: उरलेल्या ३१ सेशनचे ३१ हजार रुपये पंधरा दिवसांत परत करावेत. रिसेप्शनवर जाऊन आवाज चढवू नका, तिथल्या मुलीच्या हातात काही नसतं. गूगलवर आधीच आग ओकणारा रिव्ह्यूही नको. ईमेलमध्ये जे लिहिलं त्याच्या पुढे एक शब्द जाहीर लिहू नका.

'नॉन-रिफंडेबल' हा शिक्का म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवेत उणीव असताना पैसे परत करायला नकार देणं हे अनुचित व्यापारी प्रथेत मोडू शकतं. ईमेलला उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बऱ्याचदा तिथून कंपनीला विचारणा गेली की तडजोडीची भाषा सुरू होते. तरीही नाहीच, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, वकील सक्तीचा नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली याच गावात उभी केली. आपण पुणेकर दुकानदाराशी वाद घालण्यात पटाईत, अशी ख्याती असूनही लेखी तक्रार करायला मात्र कचरतो.

एक धोक्याची सूचना. कार्डाचे हप्ते रागाने थांबवू नका. बँकेने जिमला पैसे कधीच दिलेत, आता तुमचं देणं बँकेशी आहे, व्याज आणि दंड तुमच्याच डोक्यावर बसेल. आणि पावडरचे साडेसहा हजार विसरा, डबा तुम्ही फोडलाय.

या सगळ्याला किती वेळ द्यायचा? एक संध्याकाळ ईमेलला, अर्धा तास हेल्पलाइनला. आयोगात जायचं की नाही ते दोन महिन्यांनी ठरवा. तेव्हा मन निवलेलं असेल आणि ३१ हजारांसाठी तारखांना जायची हौस आहे का हे तुम्हाला खरंखुरं कळेल. नाही गेलात तर तो पराभव मानू नका.

दुसरा ट्रेनर शोधायचाच असेल तर पॅकेज घेऊ नका. महिन्याचे पैसे महिन्याला. जास्त पडतील, पडू देत. पहिल्या भेटीत तो किती बोलतो यापेक्षा किती विचारतो ते बघा. गुडघा, झोप, पाळी, औषधं, पूर्वीची दुखणी, दिवसभर बसून काम आहे का, हे त्याने विचारलं नाही तर गोड हसून बाहेर पडा. तुम्ही किती वजन किती वेळा उचललं हे तो वहीत लिहितो का? लिहीत नसेल तर पुढच्या आठवड्यात काय वाढवायचं हे त्याला कसं कळणार? आहारतज्ज्ञ शोधताना पदवी विचारायला लाजू नका. पोषणशास्त्रात एम.एस्सी. आहे का, इंडियन डाएटेटिक असोसिएशनची 'आरडी' (रजिस्टर्ड डाएटिशियन) नोंदणी आहे का. सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करूनही लोक नावापुढे न्यूट्रिशनिस्ट लावतात. तुम्हाला थायरॉइड आहे, तेव्हा शक्यतो तुमच्या डॉक्टरांच्या ओळखीतली किंवा रुग्णालयात काम केलेली व्यक्ती बघा. चांगली आहारतज्ज्ञ तुम्हाला 'घरात स्वयंपाक कोण करतं' आणि 'चतुर्थीला काय खाता' हे दोन प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत विचारते, असा माझा अनुभव आहे.

माझी स्वतःची एक कसोटी आहे, तीही सांगते. पहिल्याच आठवड्यात मुद्दाम एक खरी कबुली द्या. 'काल रात्री मी श्रीखंड-पुरी खाल्ली, चार पुऱ्या.' समोरच्याचा चेहरा बघा. 'बरं, भूक लागली होती की समारंभ होता?' असं विचारलं तर त्याच्याकडे राहा. प्रवचन सुरू झालं तर महिन्याचे पैसे गेले असं समजून सोडा. ७२ हजारांपेक्षा स्वस्तात सुटलात.

आणि तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तुमच्या पत्रावरून दिसतंय की अजून तुम्ही त्यात आहात आणि सकाळी सातला इतरांच्या ओट्सचे फोटो बघता. ईमेल पाठवायच्या आधी त्यातले तुम्हाला लागणारे मेसेज जपून ठेवा आणि मग बाहेर पडा. कारण सांगायची गरज नाही.

राहता राहिला किनवा. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की दोन किलो डब्यात पडून आहे आणि बघितला की पोटात गोळा येतो. चाळणीत घालून वाहत्या पाण्याखाली चांगला चोळून धुवा, त्याचा कडवटपणा वरच्या थरात असतो. मग मोहरी, कढीपत्ता, मटार, हिरवी मिरची घालून उपमा करा, वर ओलं खोबरं. सासूबाईंना वऱ्याचे तांदूळ आहेत असं सांगितलंत तरी चालेल, फक्त त्यांचा उपास असेल त्या दिवशी नको.